रंग धरलेले रुपये

नवरात्र उठलं की मिरजगावात घरोघरचं सामान अंगणात येतं. वाकळा दोरीवर, गाद्या बाजेवर, धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या भिंतीला टेकवून उपड्या. फळीवर वर्षभर गप्प बसलेली पितळी भांडी खाली उतरतात आणि मोरीपाशी रांग लावतात. ऑक्टोबरचं ऊन पाठीला चावतं, हायवेवरच्या ट्रकची धूळ नुकत्याच पुसलेल्या खिडकीवर पुन्हा येऊन बसते, तरी प्रत्येक बाई सकाळी पदर खोचून नव्यानं सुरुवात करते. मीही करते. शाळेला दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीच्या रविवारी मी सगळं घर बाहेर काढते. आतल्या खोलीतल्या कपाटाचा मधला खण तेवढा मी फडक्यानंसुद्धा पुसत नाही.

परवा शेजारची नवी सून सामान लावायला मदतीला आली होती. तिनं विचारलं, "ताई, ह्या खणाला हात का लावत न्हाई तुमी?"

मी म्हटलं, "एकदा लावला होता."

तिला पुढचं ऐकायला वेळ नव्हता, घरी तिची कढई गॅसवर होती. म्हणून ते इथं सांगते.

माझं लग्न होऊन चौदा वर्षं झाली. माहेर खर्ड्याजवळच्या एका वस्तीवर. आई आणि दादा दसरा झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी टाकून ऊस तोडायला कारखान्यावर जायचे, ते उन्हाळ्यात परत यायचे. मी आणि भाऊ वसतिगृहात. दिवाळीला चार दिवस आम्हांला कारखान्यावर न्यायचे, त्यामुळे माझ्या लहानपणीच्या सगळ्या दिवाळ्या उसाच्या पाचटाच्या कोपीपुढच्या, झोपडीपुढच्या आहेत. लक्ष्मीपुढे मांडायला आमच्याकडे पैसा नसायचा. मग आई भांडी मांडायची. दुपारी तोडीवरून आल्या आल्या ती पाण्याच्या पाटाच्या कडेला बसायची आणि माती लावून एकेक भांडं असं घासायची की बघत राहावं. "मने, भांड्यात तोंड दिसलं पायजे," ती म्हणायची. "तोंड दिसलं की लक्ष्मी वळखती." संध्याकाळी पाच भांडी कोपीपुढे ओळीनं, त्यांच्यावर पणतीचा उजेड. आमच्या तांड्यात आईच्या भांड्यांइतकी चकचकीत भांडी कुणाचीच नसत. मला त्याचा फार अभिमान होता. आजही आहे.

मिरजगावच्या घरात मी आले तेव्हा त्या घरात बाई नव्हती. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. माझा नवरा महेश शिर्डीत एका हॉटेलच्या काउंटरवर नोकरीला, आठवड्यातून एक दिवस घरी यायचा. उरलो मी आणि माझे सासरे, अण्णा. हायस्कूलमध्ये चित्रकलेचे मास्तर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. उंच, किरकोळ, शर्टाच्या खिशात कायम एक शिसपेन्सिल. बोलायचे फार कमी. सकाळी चहा दिला की "हं" म्हणायचे, जेवताना आणखी वाढू का विचारलं की "हं." मला त्या दोन्ही 'हं'मधला फरक कळायला महिना लागला.

गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या. मास्तरांनी तोडीवाल्याची पोरगी केली, म्हणायच्या. अण्णांच्या कानावर ते जात असणार, पण त्यांनी कधी तसा विषय काढला नाही. मी मात्र मनाशी धरून बसले होते की पहिली दिवाळी अशी करायची की ह्या घराला बाई आली हे लांबून दिसावं.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला महेशला सुट्टी मिळाली नाही. शिर्डीत दिवाळीत खोल्या फुल्ल असतात. तो भाऊबीजेला येणार होता. पूजेच्या दिवशी सकाळीच अण्णा शेतावर गेले, झेंडू आणायला आणि उगवून आलेल्या ज्वारीवर नजर टाकायला. मी शेवटचं राहिलेलं कपाट उघडलं. मधल्या खणात एक चपटी लाकडी पेटी होती. उघडली तर आत चित्रकलेच्या जाड कागदाची हातानं चिकटवलेली छोटी छोटी पाकिटं, चाळीसेक असतील. प्रत्येकावर पेन्सिलीनं बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. मी वाचलं नाही. पाकिटात बोट घातलं आणि बाहेर काढला तो चांदीचा बंदा रुपया. राणीछाप.

एवढी चांदी मी आयुष्यात हातात धरली नव्हती. आणि तिची काय ती दशा! एक रुपया निळाजांभळा पडलेला, एकाच्या कडेला तांबूस डाग, एक तर गाडीखाली सांडलेल्या तेलावर पाणी पडल्यावर दिसतो तसा. सहा वर्षं ह्या घरात बाई नाही, म्हणून लक्ष्मीचे रुपयेसुद्धा काळवंडून गेले, आणि अण्णा बिचारे कुणाला सांगणार.

मी मोरीपाशी बसले. आधी रिठ्याचं पाणी, मग रांगोळीची पूड आणि जुना ब्रश, मग दंतमंजन, मग स्वच्छ पाणी आणि मऊ धोतराचं फडकं. आईनं शिकवलं तसं, एकाच दिशेनं नाही, गोल गोल. काही डाग सहज गेले. काही हट्टी होते, त्यांना रांगोळी दोन-दोनदा लावली. एक राणीछाप होता, पाठीमागच्या बाजूला निळा, हिरवा आणि मधे सोनेरी. त्यानं मला अर्धा तास दमवलं. शेवटी तोही पांढरा झाला. दुपारी चारपर्यंत सगळे रुपये स्टीलच्या ताटात गोल मांडून ठेवले होते. त्यांच्यात तोंड दिसत होतं. कोपीपुढे आईची पाच भांडी जशी दिसायची, तसेच.

अण्णा झेंडूची पिशवी घेऊन आले. दारात चप्पल काढत होते. एक काढली आणि त्यांची नजर ताटावर गेली. दुसरी चप्पल पायातच राहिली. तसेच ते आत आले, ताटापुढे बसले. एक रुपया उचलला, उजेडाकडे धरला, उलटा केला, परत ठेवला. दुसरा उचलला. मी समोर उभी, कौतुकाची वाट बघत.

"हे एकटीनं केलंस?"

"व्हय अण्णा. लई काळी पडली हुती."

हातातला रुपया त्यांनी ताटात ठेवला. मग म्हणाले, "हात बघू."

मी हात पुढे केले. रांगोळीनं बोटांची टोकं सोलली होती, दोन ठिकाणी रक्त आलं होतं. अण्णांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. ते रुपयांकडे बघत होते त्याहून जास्त वेळ पाहिलं.

"खोबरेल लाव त्याला," ते म्हणाले. "छान झालेत. छान उजळलेत."

आणि संध्याकाळी त्यांनी त्या ताटाची पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. मंत्र म्हणताना ते मधेच थांबले, मला वाटलं विसरले. रात्री नीट जेवले नाहीत. पोटात जड आहे म्हणाले. मी ओवा दिला.

मी इतकी खूश होते की आईला फोन करून सांगितलं. आई कारखान्यावर होती, मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "आसं कर," ती ओरडून म्हणाली, "दर सालाला करत जा!"

पुढचे अडीच महिने काही घडलं नाही. अण्णा पूर्वीसारखेच. एवढंच जाणवलं की रोज दुपारी ते आतल्या खोलीत कपाटापाशी बसायचे, ते बंद झालं. मी समजले, थंडी वाढली म्हणून उन्हात बसत असतील.

संक्रांत झाली आणि ज्वारी हुरड्यावर आली. तो आमच्याकडचा सगळ्यांत लाडका काळ. पहाटे धुकं, दहापर्यंत ऊन कोवळं, बांधावर आगटी पेटवलेली, तिच्यात भाजलेली कणसं, आणि हातावर चोळून फुंकर मारली की हिरवे गरम दाणे. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, ताक. अण्णांनी सांगितलं, "रविवारी शेखसाहेब येतील. दरवर्षी येतात."

शेखसाहेब म्हणजे अण्णांचे जुने स्नेही, नगरला गणित शिकवायचे, तेही निवृत्त. मी त्यांना पहिल्या भेटीतच चाचा म्हणाले, कारण त्यांनी आल्या आल्या माझ्या हातात बेकरीतल्या नानकटाईचा पुडा ठेवला आणि म्हणाले, "बेटा, तुझ्या सासऱ्याला देऊ नकोस, त्याला साखर आहे." त्यांची ओळख कशी झाली ते त्यांनी आगटीपाशी बसून सांगितलं. नगरच्या बाजारात जुन्या वस्तूंच्या एका पथारीवर दोघांचा हात एकाच रुपयावर पडला होता. "मी म्हटलं, माझा. हे म्हणाले, माझा. तासभर भांडलो. मग चहा प्यायलो. रुपया यांनी नेला, दोस्ती मी नेली."

मी ताक आणायला झोपडीत गेले. परत येताना चाचांचा आवाज ऐकू आला. "चला दिनकरराव, आता मोर काढा. वर्ष झालं बघून."

अण्णा म्हणाले, "मोर राहिला नाही."

"म्हणजे? विकला?"

"पुसला. दिवाळीला सगळेच पुसले. मीच."

चाचा आधी हसले. मग त्यांना कळलं की ही थट्टा नाही. "तुम्ही? सराफानं एक रुपया फडक्यानं पुसला, तर दुकानातून उठून गेला होता तुम्ही! पोरांना शिकवायचात, चांदीनं पन्नास वर्षांत धरलेला रंग पुसायला एक मिनिट पुरतं म्हणून. आणि तुम्हीच?"

"चमकले तर बरे दिसतील असं वाटलं."

"बरे दिसतील!" चाचांनी हातातला हुरडा ताटलीत टाकला. "वहिनींनी चोळीच्या खणात बांधून ठेवलेला रुपया तो. त्या घडीत रंग चढून मोर झालेला. तो तुम्ही घासलात, आणि मला सांगता बरे दिसतील. मला तुमच्याशी बोलायचं नाही, दिनकरराव."

ते उठले, पिशवी उचलली आणि बांधावरून रस्त्याच्या दिशेनं चालू लागले. अण्णा बसूनच राहिले. काडीनं निखारे सारखे करत होते.

ताकाचा तांब्या माझ्या हातात होता. निळा, हिरवा, मधे सोनेरी. अर्धा तास दमवणारा. तो डाग नव्हता. तो मोर होता, आणि माझ्या सासूबाईंच्या खणातला होता. आणि एवढ्या दिवसांत ह्या माणसानं मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं. आता तर माझ्यासाठी इतक्या वर्षांचा दोस्त उठून चालला होता आणि तेही त्यांनी मुकाट होऊ दिलं होतं.

तांब्या तिथंच ठेवला. "अण्णा, आले म्या," एवढं म्हणाले आणि पळत सुटले. ढेकळांतून, बांधावरून, मग डांबरी रस्त्यानं. स्टँडवर पोचले तेव्हा नगरची गाडी लागली होती आणि चाचांचा एक पाय पायरीवर होता.

"चाचा!"

ते वळले.

"अण्णांनी न्हाई पुसलं. म्या पुसलं."

"काय?"

"लक्ष्मीला. मला वाटलं काळी पडलीत. बाई न्हाई घरात म्हणून. ते शेतावर गेल्ते. आल्यावर छान म्हनले, दुसरं कायबी न्हाई बोलले. त्यांच्याशी अबोला नका धरू. माझ्याशी धरा."

कंडक्टर म्हणाला, "काका, बसताय का?" चाचांनी पाय खाली घेतला. गाडी गेली. ते स्टँडच्या बाकावर बसले, मला शेजारी बसायची खूण केली. मी रडत होते, स्टँडवरचे लोक बघत होते, आणि चाचा रुमालानं स्वतःचा चष्मा पुसत होते.

"छान म्हणाला?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आणि मी त्याला काय काय बोललो." ते उठले. "चल. हुरडा गार होईल."

आम्ही परत गेलो तेव्हा अण्णा तिथंच होते. चाचा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "गणिताच्या मास्तरला चुकीचं उत्तर देता? एवढी वर्षं ओळखता ना मला?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बघून त्यांना सगळं समजलं. "कशाला सांगितलंस गं," ते म्हणाले. रागानं नाही. थकल्यासारखे.

"अण्णा, तुमी मला का न्हाई सांगितलं?"

त्यांनी हातातली काडी आगटीत टाकली. मग पहिल्यांदाच माझ्याशी लांबलचक बोलले. "काय सांगणार होतो? पेटीवर काही लिहिलं होतं का? चित्रकलेचा मास्तर मी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. 'हात लावू नये' एवढी एक पाटी स्वतःच्या पेटीवर रंगवायला मला काय झालं होतं? तुझी बोटं सोलली होती, पोरी. तुझा तरी काय दोष सांगायचा?"

चाचा म्हणाले, "चुकलेच ते. पाटी पाहिजेच होती." आणि ताटलीतला हुरडा परत चोळायला लागले. मग अण्णा हसले. दिवाळीपासून पहिल्यांदा.

घरी आल्यावर मी ती रिकामी पाकिटं काढली. पेटी पुसताना मी ती टाकून दिली नव्हती, चांगला कागद आहे म्हणून ठेवली होती. त्या संध्याकाळी मी त्यांच्यावरचं बारीक अक्षर पहिल्यांदा वाचलं. मला वाटलं होतं हिशेब असेल. एकावर होतं, 'राणीछाप. कडेला हळद, आत जाताना लाल माती, मधे पावसाआधीचं आभाळ.' दुसऱ्यावर, 'राजाछाप. जांभळाचा रस सुकल्यावर पांढऱ्या कपड्यावर राहतो तसा.' आणि एकावर फक्त, 'कमलच्या खणातला. मोर.' कमल म्हणजे माझ्या सासूबाई. तो रुपया लग्नात ओटीत आला होता, त्यांनी तो खणाच्या तुकड्यात बांधून कपड्यांच्या ट्रंकेत टाकला आणि विसरल्या. वीस वर्षांनी सापडला तेव्हा असा झाला होता. अण्णांचा छंद तिथून सुरू झाला. ब्रश न लावता झालेलं चित्र, असं ते म्हणायचे. बाजारातून, सराफाकडून, जुन्या घरांतून ते रंग धरलेले रुपयेच तेवढे गोळा करायचे. लोक चकचकीत रुपया शोधतात, म्हणून हे त्यांना सहज मिळायचे.

चाचा त्या दिवशी राहिले. सकाळी तिघं अंगणात उन्हात बसलो, मधे पांढऱ्या रुपयांचं ताट. चाचांनी मला समजावलं, कागदात, कापडात, हवेत गंधकाचा अंश असतो, चांदी तो हळूहळू घेते, वर अगदी पातळ पापुद्रा धरतो, आणि पापुद्रा जाड होत जाईल तसा त्याचा रंग बदलतो. काही व्यापारी उकडलेल्या अंड्याशेजारी रुपया डब्यात कोंडून दोन दिवसांत रंग आणतात, हेही त्यांनी सांगितलं.

मी लगेच म्हणाले, "मग आपन तसं करू. अंडी म्या आनते."

अण्णा म्हणाले, "नको. घाईनं दिलेला रंग सगळीकडून एकदम वाहतो. आपोआप आलेला अक्षराच्या कडेशी येऊन थांबतो, मग पुढं जातो. तो थांबलेला दिसतो मला. तेवढ्यासाठीच तर बघायचं."

"पण लई वर्षं लागतील."

"लागू देत. मला नाही दिसले तर तुला दिसतील."

मग आम्ही रुपये परत ठेवायला घेतले. पुढचे कितीतरी दिवस ते काम चाललं होतं. काही त्याच जुन्या पाकिटांत. काही एलिमेंटरी परीक्षेच्या उत्तरपत्रिका यायच्या त्या खाकी लिफाफ्यांच्या तुकड्यांत. एक आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत, ती मी माहेराहून आणली. सासूबाईंचा रुपया, अण्णांनी सालावरून ओळखलेला, त्यांच्याच खणात. चाचा एक रुपया नगरला घेऊन गेले, त्यांच्या गणिताच्या वहीच्या पानात ठेवायला. जाताना म्हणाले, "बेटा, एक खरं सांगतो. ह्यांना बाजारात आता मोल नाही. भिंगाखाली ओरखडे दिसतात. ते जाणार नाहीत." अण्णा म्हणाले, "विकायचेत कुणाला?"

त्याच हिवाळ्यात अण्णा मला रंग बघायला शिकवू लागले. मी बारावी झाले होते, पण मला लाल, हिरवा, निळा ह्यापलीकडे रंग माहीत नव्हते. ते मला ज्वारीच्या शेतात उभं करायचे आणि विचारायचे, "कणसाचा रंग सांग." मी म्हणायचे, "हिरवा." "कुठला हिरवा? सकाळचा का दुपारचा? दाण्याचा का पानाचा?" मी चिडायचे. मग बघायला लागायचे. जूनमध्ये त्यांनी स्वतः माझा डी.एड.चा अर्ज भरला, महेशला न विचारता. महेश म्हणाला, घराचं कोण बघणार. अण्णा म्हणाले, "मी बघतो. भाकरी तेवढी बिघडेल." बिघडायचीच. दोन वर्षं आम्ही नकाशासारख्या भाकऱ्या खाल्ल्या. आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे, आणि गल्लीतल्या त्याच बायका मला मॅडम म्हणतात.

कधी कधी मी विचार करते, त्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अण्णा ओरडले असते, तर? ओरडायचा त्यांना पुरता हक्क होता, ते चुकले असं मी आजही म्हणणार नाही. पण मग मी त्या घरात कायमची तोडीवाल्याची, काही न कळणारी पोरगी झाले असते. पेटीलाच काय, कशालाच हात लावायला धजले नसते. त्यांनी माझी सोललेली बोटं आधी पाहिली. पुढचं जे काही मला मिळालं, शिकणं, नोकरी, चाचांसारखा माणूस, त्या घरात मोकळं हसणं, ते सगळं मला तिथपासून मिळत गेलं. आईला हे सगळं मी उशिरा सांगितलं, ती तोडीवर जायची थांबल्यावर. ती कितीतरी वेळ तोंडावर हात धरून बसली. मग म्हणाली, "माज्याच हातचं शिकलीस गं. मानूस मोठा म्हनून निभावलं."

त्या दिवाळीनंतर चार वर्षांनी अण्णांची तब्येत बिघडली. मूत्रपिंडांनी साथ सोडली होती, आणि साखरेनं दृष्टी पार अधू केली होती. उन्हाळ्यातली एक सकाळ आठवते. मी त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं होतं. ते म्हणाले, "पेटी आण गं. बघ काही झालंय का."

मी एकेक पाकीट उघडत गेले. बरेच रुपये अजून पांढरेच होते. खाकी लिफाफ्याच्या कागदातला एक राजाछाप बाहेर काढला आणि थांबले.

"काय झालं?"

"अण्णा, कडेला रंग आलाय."

ते पुढे झुकले. रुपया डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, परत जवळ. "मला दिसत नाही," ते म्हणाले. "तू सांग."

"पिवळा."

"नीट सांग."

मी रुपया कोवळ्या उन्हात तिरका धरला. "वाळलेल्या कडब्यासारखा. नव्या नाही, वर्षाच्या कडब्यासारखा. अगदी बारीक, काठालाच. अक्षरापाशी आलाय आणि थांबलाय. एका बाजूला जरा भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलावर गेलाय."

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले तरी ते तसेच होते. मग म्हणाले, "दिसला. आता तो केशरी होईल, मग जांभळट, मग निळा. निळ्याला वेळ लागतो. मधेच उघडून सारखं बघत बसू नकोस." आणि थोड्या वेळानं, "लिहून ठेव पाकिटावर." मी त्यांच्या खिशातली पेन्सिल काढून लिहिलं. त्यांनी माझं अक्षर बोटानं चाचपून पाहिलं, जणू त्यावरून रंग कळणार होता.

त्या श्रावणात ते गेले.

सासूबाईंचा रुपया पुन्हा मोर झाला नाही. खण तोच, ट्रंक तीच, पण तो नुसता तपकिरी होत होत काळपट झाला. चाचा म्हणतात, तसं ठरवून होत नसतं. आईच्या चिंधीतल्या रुपयावर एक फिकट गुलाबी डाग आहे, त्याच्या पुढे तो गेलेला नाही. बाकीचे आपापल्या चालीनं चालले आहेत. मी वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, पेटी उघडते, पाकिटावर एक ओळ लिहिते आणि बंद करते.

परवा शेजारची सून गेल्यावर मी पेटी उघडली. तो राजाछाप बाहेर काढून खिडकीत धरला. निळा. पहाटे धुकं विरायच्या आधी आमच्या शेताच्या टोकाला असतो तसा निळा, अर्ध्या राजाला गिळून अक्षरापाशी थांबलेला. भिंग लावलं तर त्या निळ्याखाली गोल गोल ओरखडे दिसतात. माझेच. निळा त्यांच्यात शिरलाय, आणि त्या जागी तो जरा गडद आहे.

मी चाचांना फोन लावला. आता पंच्याऐंशीचे आहेत, कानाला यंत्र आहे, मला ओरडून सांगावं लागलं. "चाचा, निळा आला!"

पलीकडे कानाच्या यंत्राची खुडबूड झाली. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही.

"चाचा?"

"उद्या पहिल्या गाडीनं येतो," ते म्हणाले. "तोवर कुणाला दाखवू नकोस."